खिळ्यावरची किल्ली

मित्रोव्दानला, म्हणजे नोव्हेंबरात येणाऱ्या घराच्या संताच्या सणाला, यजमानाने बसायचं नसतं. सकाळी संताची मेणबत्ती पेटली की ती विझेपर्यंत त्याने पायांवर उभं राहायचं, आलागेला बघायचा, रिकामा पेला दिसला की भरायचा. वडील गेल्यापासून रातोमिर पंचवीस वर्षं हे पाळत आला होता. अलीकडे गुडघा कुरकुर करायला लागला, तेव्हा तो मधूनमधून दाराच्या चौकटीला पाठ लावी. तेवढी सवलत संत देत असावा.

चौकटीशेजारी भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याला लाल गाडीची किल्ली. रातोमिर टेकला की किल्ली त्याच्या कानाशी हलायची. त्याची बायको देसांका स्वयंपाकघरातून ते बघत होती. त्या खिळ्याकडे ती रोज बघायची. त्याबद्दल बोलायची मात्र नाही.

आज तिच्या डोक्याला वेगळाच घोर लागला होता. सकाळी पाहुण्यांना द्यायच्या उकडलेल्या गोड गव्हात घालायला अक्रोड कुटत असताना सून शेजारी येऊन बसली होती. तियानाला साडेसहा महिने झाले होते, बसायचं म्हटलं तरी टेबलाचा आधार लागत होता.

"आई, एक सांगते, पण पोटात ठेवा," ती म्हणाली होती. "पहिल्या बर्फाच्या आत मला चालवता येईल अशी गाडी दारात आली नाही, तर मी चाचाकला माझ्या आईकडे जाते. बाळ झाल्यावरही तिथेच राहीन. वुकानला अजून बोलले नाहीये."

"ट्रकवाल्याशी लग्न करताना माहीत नव्हतं तुला, तो बाहेर असतो ते?"

"माहीत होतं. तो पंधरा-पंधरा दिवस जर्मनीत असतो, त्याचं मला काही नाही. पण इस्पितळ चाळीस किलोमीटर लांब उझित्सेला, आणि ती लाल गाडी थंडीत ढकलल्याशिवाय हलत नाही. जानेवारीत मला कळा सुरू झाल्या तर ढकलणार कोण? मीच?"

"अक्रोड अजून बारीक कर," देसांका एवढंच म्हणाली. पण तेव्हापासून तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं. मूल चाचाकला वाढलं, की ते आजीला सुट्टीत भेटायला येणार, लाजणार आणि आईच्या मागे लपणार, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि दुसरीकडे, ऑगस्टमध्ये ही गोड बातमी कळली तेव्हा सगळ्यांना बसवून तिनेच बजावलं होतं, की मूल जन्माला यायच्या आधी ह्या घरात त्याचा मोजासुद्धा येणार नाही. आता त्याच तोंडाने गाडी आणा म्हणायचं कसं?

दुपारपर्यंत गर्दी ओसरली. मित्रोव्दानला बोलावणं कुणाला जात नाही. ज्याला यायचं तो येतो, चमचाभर गहू तोंडात टाकतो, संताच्या नावाने एक घोट घेतो आणि पुढच्या घरी जातो. मागे राहिली ती घरचीच माणसं, रातोमिरची धाकटी बहीण झागोर्का, आणि शेजारचा म्हातारा स्वेतोझार, जो सारमाचं, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं रिकामं झाल्याशिवाय कुठल्याच घरून उठत नसे.

गाडीचा विषय काढला रातोमिरनेच.

"गाडी म्हणजे मागे जागा," चौकटीला टेकूनच तो म्हणाला. "आरिल्येत एक बंद डब्याची आलीय. रास्पबेरीचे साठ क्रेट सहज जातील. जुलैत शीतगृहापर्यंत दोन फेऱ्यांत काम."

"बाबा, रास्पबेरी जुलैत येते," तियाना म्हणाली. "बाळ जानेवारीत येणार."

"दोघांनाही ऊन लागू द्यायचं नसतं," स्वेतोझार तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "डबा बरा."

"बाळाला क्रेटमध्ये घालायचंय का, काका?"

"वुकानला घालायचे. काही बिघडलं का त्याचं?"

वुकान हसला. मायलेकरांत, बापलेकांत, नवराबायकोत कुठेही ठिणगी उडाली की हसून वेळ मारून नेण्यात तो लहानपणापासून तरबेज होता. देसांकाला वाटे, चाळीस टनांचा ट्रक आल्प्सच्या उतारावरून आणणारा हा पोरगा घरातल्या टेबलावर का असा तळ्यात-मळ्यात करतो?

"आत्याच्या जावयाची पण एक आहे," तो सावधपणे म्हणाला. "व्हिएन्नातली. लांब, डिझेलवर चालणारी. डबाही मावेल, बाळही मावेल."

"मी आपली सांगत नाही हो कुणाला," झागोर्का म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात होतं. "जावयाने तिला पोटच्या पोरीसारखी जपलीय. आत बूट घालून कुणाला बसू देत नाही. वसंतात नवी घेणार म्हणतो, तेव्हा ही मोकळी होईल."

"वसंतात?" तियानाने विचारलं.

"एप्रिलमध्ये. ईस्टरला येतील ना ते."

तियानाने पेला बाजूला सरकवला. "मला हवीय ती चाचाकला बाजारात उभी आहे. लहान, हिरवी, गिअर आपोआप बदलणारी. माझा डावा पाय सारखा गोळा येऊन आखडतो, क्लच दाबायला भरवसा नाही. माझ्या चुलतभावाने बघून ठेवलीय, उद्या सकाळी जाऊन आणता येईल. मागे बाळाची खुर्ची बसते, पुढे मी बसते. मला एवढंच हवंय."

"आपोआप," रातोमिर म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द आळशी माणसाच्या नावासारखा वाटला. "आपल्या चढावर आपोआप काही होत नाही, पोरी. आणि ह्या घरात आजवर बाईने गाडी चालवलेली नाही."

"लायसन्स आहे माझ्याकडे. तुमच्यापेक्षा कमी ठोकलीय मी."

स्वेतोझार खुदकन हसला. रातोमिरलाही हसू येत होतं, देसांकाने ते ओठाच्या कोपऱ्यात बघितलं. सुनेच्या फटकळपणावर त्याचा मनातून जीव होता. आणखी थोडा वेळ मिळता तर कदाचित तो वळलाही असता. बाजारात तुरी आणि घरात मारामारी, असंच चाललं होतं सगळं, आणि तसंच हसतखेळत कुठेतरी पोचलंही असतं. पण झागोर्काला आपल्या जावयाची गाडी हातची जाताना दिसली.

"ते सगळं ठीक," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम देवळातल्यासारखा झाला. "पण बाळाची गाडी, बाळाच्या आधी? वहिनी, तू गप्प का? तूच म्हणाली होतीस ना, मोजासुद्धा नको?"

"गाडी काही मोजा नाही, आत्या," वुकान म्हणाला.

"कुणासाठी घेताय? बाळासाठी. मग झालं तर. जन्मायच्या आधी आणलेली वस्तू मुलाची जागा घेते. ह्या घराला हे मी सांगायला नको."

रातोमिर चौकटीपासून सरळ झाला. किल्ली एकदा हलली आणि थांबली. "झागोर्का बरोबर बोलतेय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "बाळ सुखरूप येऊ दे. मग बघू."

"जानेवारीत?" तियाना म्हणाली. "बर्फात? वुकान, तू बोल काहीतरी."

वुकानने बापाकडे बघितलं, मग आईकडे. "दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे," तो म्हणाला. "मी ट्रकच्या मालकाला सांगून तेवढ्यात सुट्टी..."

"मागच्या वर्षी तुला बापाच्या ऑपरेशनला सुट्टी मिळाली होती?"

ह्यावर तो हसला नाही. तियाना देसांकाकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते, पण तिने आतल्या आत सामान बांधायला घेतलंय हे देसांकाला समजलं.

"ह्या घराला सांगायला नको म्हणजे काय?" तियानाने विचारलं. "काय झालं होतं इथे?"

वुकानला अर्धवट माहीत होतं, आपल्या आधी एक बहीण होती एवढं. झागोर्का खाली मान घालून टेबलक्लॉथवरचे कण वेचत होती. वर्मावर बोट ठेवून झाल्यावर माणूस असाच उद्योगी होतो.

"वहिनीच्या वडिलांनी पाळणा केला होता," शेवटी तीच म्हणाली. "सुतार होते ते. दोन महिने आधी गाडीवानाबरोबर पाठवून दिला. आमची आई म्हणाली, परत पाठवा. वहिनीने नाही पाठवला. आवडला होता तिला. आणि मग पोरगी... जगली नाही."

देसांका दाराशी उभी होती, हातात थराथरांचा केक कापायची सुरी. गेली तेहतीस वर्षं ही गोष्ट नेमकी अशीच सांगितली जात होती आणि ती मूग गिळून ऐकत होती. गप्प बसण्यात एक सोय होती. पाळण्याने पोर नेली म्हटलं की कुणाला काही विचारावं लागत नव्हतं, नवऱ्यालाही नाही आणि सासऱ्यालाही नाही. दोष बसला तो तिच्या बापावर, वेलिमिरवर. त्याने त्यानंतर दारं केली, खिडक्या केल्या, गावातल्या माणसांच्या शवपेट्या केल्या, पण पाळणा पुन्हा केला नाही. आठ वर्षांनी तो गेला, तोवर एकदाही ह्या घराचा उंबरा ओलांडला नाही. तिने त्याला एका वाक्यात मोकळं करायला हवं होतं. तिने ते केलं नव्हतं.

तिने सुरी टेबलावर ठेवली.

"पाळण्याने काही केलं नाही," ती म्हणाली.

"वहिनी, जाऊ दे आता, सणाचा दिवस..."

"सणाचाच दिवस आहे, म्हणून बोलते. संत ऐकतोय, खोटं बोलता येणार नाही." तिचा आवाज तिला वाटला त्याहून शांत निघाला. "फेब्रुवारीचा महिना होता. सकाळी नऊला कळा लागल्या, तीन आठवडे आधीच. रातोमिर डोंगरावर लाकडं तोडायला गेला होता. अंगणात पांढरी फिचा, आमची तेव्हाची छोटी गाडी, उभी होती. नवी. एका हाकेत सुरू व्हायची. टाकी भरलेली होती. आणि किल्ली तिथे होती."

तिने खिळा दाखवला. सगळ्यांनी तिकडे बघितलं, जणू तो आजच कुणी ठोकला होता.

"मी त्या पलंगावर होते. तिथून किल्ली दिसायची. सासूबाईंना चालवता येत नव्हतं, सासऱ्यांना येत नव्हतं, मला येत नव्हतं. मी म्हणाले होते रातोमिरला, लग्नाच्या पहिल्या वर्षी, मला शिकव. सासरे म्हणाले, बाईला कुठे जायचंय? मग सासूबाई स्वेतोझारकाकाकडे धावत गेल्या."

"मला ट्रॅक्टर येत होता," स्वेतोझार म्हणाला. त्याने काटा केव्हाच खाली ठेवला होता. "तुला ट्रॉलीत गाद्या घालून निजवलं. सव्वातीन तास लागले."

"रस्ता कसा होता, काका?"

"मोकळा," म्हातारा म्हणाला. "दुपारपर्यंत अगदी मोकळा. त्या छोटीने तासात गेलो असतो. डॉक्टरही म्हणाला, दोन तास आधी आणली असती तर. मी हे त्या वेळी तुझ्या सासूला सांगितलं होतं. ती म्हणाली, गप्प बस स्वेतोझार, पाळण्याने नेलंय. मग मी गप्प बसलो. आपल्याला काय, शेजारी माणूस."

आणि रातोमिर बसला.

जवळच्या खुर्चीवर, मेणबत्तीसमोर. आधी हात टेकला आणि मग सगळं अंग सोडून दिलं. मित्रोव्दानला, मेणबत्ती जळत असताना. वुकान अर्धवट उठला. बापाला काहीतरी होतंय असंच त्याला वाटलं.

"रातोमिर," झागोर्का हलकेच म्हणाली, "ऊठ रे. मेणबत्ती जळतेय."

"जळू दे."

त्याने दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले होते. "मी संध्याकाळी घोड्यांबरोबर खाली आलो," तो देसांकाला म्हणाला, बाकीची माणसं खोलीत नसल्यासारखा. "अंगणात गाडी होती. बॉनेटवर बर्फाचा थर तसाच, कुणी हात न लावलेला. मला तेव्हाच कळलं. आई पाळण्याचं बोलायला लागली आणि मी म्हटलं, असेल. पाळणाच असेल. मला ते बरं पडलं, देसांका."

"मलाही पडलं," ती म्हणाली. "माझ्या बाबांना नाही पडलं."

थोड्या वेळाने रातोमिर उठला, गुडघ्याला शिवी दिली आणि बाहेर गेला. यजमान पाहुणे टाकून घराबाहेर पडला, हेही ह्या घरात कधी झालं नव्हतं. तियाना येऊन सासूशेजारी उभी राहिली. तिने देसांकाचा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला. आत कुणीतरी लाथ मारली. देसांकाला रडू फुटलं आणि तिने ते फुटू दिलं.

रातोमिर परतला तेव्हा त्याच्या हातात ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. प्लमची दारू गाळायच्या खोपटातल्या, भट्टीच्या वरच्या माळ्यावरून आणलेलं. त्याने दोरी सोडली. आत लहानसा लाकडी पाळणा होता, खाली वळलेल्या पट्ट्यांवर डुलणारा. अक्रोडाचं लाकूड धुराने काळवंडलं होतं, पण एकही सांधा सुटला नव्हता.

"आईने जाळायला सांगितला होता," रातोमिर म्हणाला. "मी सांगितलं, जाळला. माझ्याच्याने झालं नाही."

देसांका जमिनीवर बसली. तिने पाळणा उलटा केला. खालच्या फळीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, बापाने मापासाठी ओढलेल्या आणि पुसायला विसरलेल्या. तिने त्यांवरून बोट फिरवलं. मग फळीला हात लावून पाळणा सरळ केला आणि तो आपोआप दोनदा डुलला.

"देवा," झागोर्काने क्रूसाची खूण केली. ती आता देवळातल्या आवाजात बोलत नव्हती, तिला खरंच भीती वाटत होती. "वहिनी, नको गं. पोर यायच्या आधी पाळणा घरात आणू नये."

"हा कुठे आणलाय?" देसांका म्हणाली. "हा तेहतीस वर्षं इथेच आहे. आपणच उशीर केला."

झागोर्का बराच वेळ पाळण्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून रुमाल काढला, वाकली आणि पाळण्याच्या कडेची धूळ पुसायला लागली. "अक्रोडच आहे ना?" ती म्हणाली. "छान काम होतं वेलिमिरभाऊंचं."

"जावयाच्या गाडीत हा मावला असता," स्वेतोझार म्हणाला.

"तुम्ही सारमा खा."

रातोमिरने ताडपत्रीची दोरी उचलली, पाळण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली, तेवढी मोजून कापली आणि तियानापुढे धरली. "त्या हिरवीचं मागचं दार उघडून बघ," तो म्हणाला. "ही दोरी आत बसत नसेल तर दुसरी हिरवी शोध. आपोआपवाली."

दिवस कलला तेव्हा त्याने नियमाप्रमाणे उभं राहून, वाइनमध्ये वात बुडवून मेणबत्ती विझवली. धूर सरळ वर गेला. घरावर ह्या वर्षी काही संकट नाही असा त्याचा अर्थ करतात. देसांकाने धुराकडे बघितलंच नाही, तिला भांडी घासायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचाकला निघताना तिने सणाचा रुमाल डोक्याला बांधला, दारापाशी गेली आणि खिळ्यावरची किल्ली स्वतःच्या हाताने काढली. इतक्या वर्षांत ती किल्ली तिने फक्त पुसली होती. ती तियानाच्या हातात देऊन देसांका गाडीत पुढे जाऊन बसली. पुढे बसायला आलेला वुकान उघड्या दारात थांबला.

"आई, तू पुढे?"

"तू ढकल," देसांका म्हणाली.

वुकानने आणि रातोमिरने मागून जोर लावला. लाल गाडी कुरकुरली, खोकली आणि उतारावर सुरू झाली. वुकान धावत येऊन मागच्या सीटवर पडला, कापलेली दोरी त्याच्या खिशातून लोंबत होती. रातोमिर अंगणात गुडघा चोळत उभा राहिला आणि त्याने हातातल्या तांब्यातलं पाणी गाडीमागे ओतलं, प्रवास पाण्यासारखा सुरळीत होऊ दे म्हणून.

पहिली दोन वळणं देसांका सुनेच्या पायांकडे बघत होती. रास्पबेरीच्या उघड्या ओळी मागे पडल्या, देऊळ मागे पडलं.

"खाली तीन आहेत," शेवटी ती म्हणाली. "आणि पाय तर दोनच. कसं करता तुम्ही?"

"हा क्लच, हा ब्रेक, हा वेग," तियानाने समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता सांगितलं. "पण नव्या गाडीत दोनच असतात, आई. डाव्या पायाला कामच नाही."

देसांकाने मांडीवरचे हात सोडवले, रुमालाची गाठ घट्ट केली आणि पुढच्या वळणाकडे बघितलं.

"मग जमेल," ती म्हणाली.